बाटलीची किंमत आणि चवीचे मोल

गळीत हंगाम सुरू झाला, की प्रवरा आणि गोदावरीच्या काठांवरील गावांतून मळीचा गोडसर, आंबूस दर्प दरवळू लागतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील रहिवाशांना हा वास नवा नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, कालव्यांचे पाणी खेळू लागले आणि जिल्ह्याच्या उत्तर भागात ऊस स्थिरावला. श्रीरामपूरजवळील टिळकनगर येथे महादेव डहाणूकर यांनी १९३३ मध्ये महाराष्ट्र शुगर मिल्स ही कंपनी स्थापन केली. पुढे पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उसापाठोपाठ साखर, साखरेपाठोपाठ मळी आणि मळीपाठोपाठ मद्यार्क असा हा क्रम आहे. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या कित्येक बाटल्यांचे मूळ या काळ्या, चिकट द्रवात आहे.

गेल्या काही वर्षांत याच जिल्ह्यातील शहरी मध्यमवर्गाच्या कपाटांत वेगळ्या बाटल्या दिसू लागल्या आहेत. परदेशातून येणारा भाचा ड्यूटी-फ्री दुकानातून अमेरिकेची बर्बन घेऊन येतो. पुण्या-मुंबईच्या दुकानांत सिंगल माल्टची वेगळी फळी मांडलेली असते. कोणत्या बाटलीला कोणत्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले आणि कोणती बाटली ‘मिळतच नाही’, याच्या चर्चा रंगतात. साहजिकच प्रश्न पडतो, की आठशे रुपयांच्या आणि आठ हजारांच्या बाटलीत दहापटीचा फरक खरोखर असतो काय? की हा फरक केवळ लेबलाचा, कराचा आणि गवगव्याचा असतो?

स्वस्त बाटलीत काय असते?

साखर तयार झाल्यावर उरणारी मळी पाण्याने पातळ करून तिच्यात यीस्ट मिसळले जाते. किण्वनातून कमी तीव्रतेचा आंबवलेला द्रव तयार होतो आणि त्याचे ऊर्ध्वपातन करून मद्यार्क वेगळा काढतात. एक टन मळीपासून साधारण सव्वादोनशे लिटर मद्यार्क मिळतो. पिण्याच्या मद्यासाठी तो आणखी शुद्ध केला जातो. सुमारे ९६ टक्के तीव्रतेचा हा तटस्थ मद्यार्क धान्यापासूनही बनतो. एवढ्या तीव्रतेपर्यंत शुद्धीकरण झाल्यावर मूळ कच्च्या मालाचा गंध आणि चव जवळजवळ नाहीशी होते. हा मद्यार्क उसाचा की मक्याचा, हे सामान्य माणसाला चवीवरून सांगणे कठीण असते.

अल्प किमतीच्या बहुतेक भारतीय व्हिस्की, ब्रँडी आणि रमचा पाया हाच असतो. त्यात थोडा माल्ट मद्यार्क, काही वेळा अल्प प्रमाणात आयात केलेली स्कॉच, रंगासाठी कॅरॅमल आणि पाणी मिसळून पेय तयार होते. भारतात मळीच्या मद्यार्कावर आधारलेले असे पेय व्हिस्की या नावाने विकता येते. युरोपीय संघात मात्र व्हिस्की धान्यापासूनच बनलेली असावी लागते, उसापासून बनलेल्या पेयाचे नाव तेथे रम. यात फसवणूक नाही, कारण हा नियमांतील फरक आहे. तथापि ग्राहकाला हे ठाऊक असणे आवश्यक आहे. सोनेरी रंग पाहून ‘ही पिंपात मुरली आहे’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

बर्बनचे नियम आणि पिंपाची किमया

बर्बनचा कायदा याच्या नेमका उलट आहे. अमेरिकी नियमांनुसार बर्बनसाठी वापरलेल्या धान्यात किमान ५१ टक्के मका असला पाहिजे. ऊर्ध्वपातन ८० टक्के तीव्रतेच्या वर नेता येत नाही, त्यामुळे धान्याची चव शिल्लक राहते. मद्य पिंपात भरताना त्याची तीव्रता ६२.५ टक्क्यांहून अधिक नसावी आणि पिंप ओकच्या लाकडाचे, आतून जाळलेले व कोरे करकरीत असले पाहिजे. वरून रंग किंवा स्वाद मिसळण्यास मनाई आहे. ‘स्ट्रेट’ बर्बन किमान दोन वर्षे मुरलेली असते. १८९७ च्या ‘बॉटल्ड इन बाँड’ कायद्यानुसार तयार झालेले मद्य एकाच भट्टीतील, एकाच हंगामातील, किमान चार वर्षे मुरलेले आणि ५० टक्के तीव्रतेचे असावे लागते. हा कायदा भेसळीला आळा घालण्यासाठीच झाला होता.

पिंपात नेमके काय घडते? लाकडातील लिग्निन या घटकाचे विघटन होऊन व्हॅनिलाची आठवण करून देणारा गंध उतरतो. जळालेल्या थरामागील शर्करा कॅरॅमलचा गोडवा देतात. कोळशाचा थर गंधकयुक्त, उग्र घटक शोषून घेतो. उन्हाळ्यात मद्य प्रसरण पावून लाकडात शिरते आणि हिवाळ्यात बाहेर येते. ही देवाणघेवाण वर्षानुवर्षे चालू राहते. हे काम विकत घेता येत नाही आणि त्याची घाईही करता येत नाही. तटस्थ मद्यार्कात कॅरॅमल मिसळून तयार केलेले पेय आणि चार वर्षे पिंपात राहिलेले पेय यांतील फरक म्हणूनच खरा आहे. त्यासाठी जास्त पैसे मोजण्याला आधार आहे.

परंतु हीच साधी पायरी बर्बनमध्ये फार महाग नसते. अमेरिकेत जिम बीमसारखी नित्याची बाटली सुमारे चार वर्षे मुरलेली असते आणि ती तेथील दुकानांत अल्प किमतीच्या फळीवरच ठेवलेली असते. याचा अर्थ असा, की चवीच्या दृष्टीने सर्वात मोठी उडी पहिल्या पायरीवरच संपते. त्यापुढील प्रत्येक पायरीवर किंमत वेगाने वाढते, चवीतील फरक मात्र उत्तरोत्तर सूक्ष्म होत जातो.

दुर्मीळतेचा बाजार

पुढच्या पायऱ्यांवर काय विकले जाते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे केंटकीतील ‘पॅपी व्हॅन विंकल’. फ्रँकफर्ट शहरातील बफेलो ट्रेस भट्टीत तयार होणाऱ्या या बर्बनची कंपनीने सुचवलेली किंमत काही शे डॉलर असते. दुय्यम बाजारात तीच बाटली हजारो डॉलरना विकली जाते. २०१३ मध्ये या भट्टीतून तिच्या २०० हून अधिक बाटल्या चोरीला गेल्याचे उघड झाले आणि तिची ख्याती आणखी वाढली. याच भट्टीत ‘वेलर’ नावाची बर्बनही बनते. दोन्हींत राईऐवजी गहू वापरला जातो. फरक आहे तो प्रामुख्याने मुरण्याच्या काळाचा आणि पिंपांच्या निवडीचा. पॅपीच्या नावाखाली १५, २० आणि २३ वर्षांच्या बाटल्या निघतात. गंमत अशी, की पॅपीच्या वलयामुळे पुढे वेलरही तिच्या मूळ किमतीला मिळेनाशी झाली. स्वस्त पर्याय म्हणून ज्या बाटलीचे नाव सांगितले जाते, तीच थोड्या दिवसांत महाग होते, हा या बाजाराचा नियमच आहे.

या टंचाईला एक वास्तव कारणही आहे. आज मागणी वाढली म्हणून आजच बारा वर्षांची व्हिस्की तयार करता येत नाही. भट्टीमालकाला बारा वर्षांनंतरच्या ग्राहकाचा अंदाज आज बांधावा लागतो आणि हा अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतो. केंटकीच्या गोदामांत २०२४ मध्ये १ कोटी ४० लाखांहून अधिक पिंपे साठलेली होती. मागणी मंदावल्यावर, २०२५ च्या अखेरीस, जिम बीमने क्लर्मोंट येथील मुख्य भट्टीतील ऊर्ध्वपातन २०२६ सालभर थांबवण्याचे जाहीर केले. ज्या पेयाला ‘दुर्मीळ’ म्हणून पैसे मोजले जात होते, त्याच्या साठ्याचे डोंगर उभे राहिले. गवगव्याची किंमत किती नाजूक असते, हे यावरून दिसते.

‘जास्त वर्षे म्हणजे जास्त चांगली’ हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. कोऱ्या पिंपात मद्य फार काळ राहिले, तर लाकडाचा कडवट, तुरट अंमल चढू लागतो. शिवाय वर्षांचा हिशेब हवामानानुसार बदलतो. स्कॉटलंडमध्ये दरवर्षी पिंपातील सुमारे दोन टक्के मद्य बाष्परूपाने उडून जाते. बंगळुरूसारख्या ठिकाणी हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या घरात किंवा त्याहून अधिक असते. आठ वर्षांनंतर शंभर लिटरपैकी स्कॉटलंडमध्ये सुमारे ८५ लिटर उरतील, तर दहा टक्के घट धरल्यास भारतात जेमतेम ४३. म्हणूनच भारतीय सिंगल माल्ट कमी वयात बाटलीबंद केल्या जातात आणि वय लहान असूनही त्या कच्च्या लागत नाहीत. अठरा वर्षांची स्कॉच आणि पाच-सहा वर्षांची भारतीय माल्ट यांची तुलना केवळ लेबलावरील आकड्याने करणे निरर्थक आहे.

किमतीतला सरकारचा वाटा

भारतात बाटलीच्या किमतीचा मोठा हिस्सा मद्याचा नसून कराचा असतो. मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे, त्यामुळे त्यावर राज्यांचा अधिकार चालतो. महाराष्ट्र सरकारने जून २०२५ मध्ये देशी बनावटीच्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपटीवर नेण्याचा निर्णय घेतला. प्रतिलिटर २६० रुपयांपर्यंत निर्मितीमूल्य असलेल्या मद्याला हा दर लागू करण्यात आला. त्याच वेळी १८० मिलिलिटरच्या बाटलीसाठी किमान किरकोळ दर जाहीर झाले. देशी मद्याला ८० रुपये, धान्यावर आधारित ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या प्रकाराला १४८, देशी बनावटीच्या विदेशी मद्याला २०५ आणि उच्च श्रेणीच्या विदेशी मद्याला ३६० रुपये, अशी ही उतरंड आहे.

हिशेब समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. एका ‘क्वार्टर’चे निर्मितीमूल्य ३० रुपये धरले, तर साडेचारपट शुल्क १३५ रुपये होते. बेरीज १६५ रुपये. त्यावर विक्रीकर, घाऊक आणि किरकोळ विक्रेत्याचा नफा चढून बाटली दोनशेच्या पुढे जाते. म्हणजे ग्राहकाच्या पेल्यात पडतो तो तीस रुपयांचा माल आणि त्यातही काच, झाकण, लेबल यांचा खर्च आलाच. निर्मितीमूल्य पाच रुपयांनी वाढवून माल सुधारायचा म्हटला, तरी शुल्कासह किंमत साडेसत्तावीस रुपयांनी वाढते. स्वस्त बाटलीचा दर्जा उंचावण्यात ही रचनाच अडसर ठरते.

आयात बाटलीची कथा वेगळी आहे. बर्बनवरील सीमाशुल्क फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले. बंदरावर ६०० रुपयांना पडलेल्या बाटलीवर पूर्वी ९०० रुपये सीमाशुल्क बसे, ते आता ६०० झाले. त्यापुढे राज्याचे शुल्क असतेच. त्याआधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, महाराष्ट्राने आयात स्कॉचवरील उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्के केले होते. इतर राज्यांतून होणारी चोरटी आवक रोखणे, हा त्यामागील एक हेतू होता. तात्पर्य असे, की अमेरिकेत नित्याची समजली जाणारी बाटली येथे ‘प्रीमियम’ होते, ती चवीमुळे नव्हे, तर प्रवासात चढलेल्या करांमुळे.

कंपन्यांनाही हे गणित उमगले आहे. मॅन्शन हाउस ब्रँडीमुळे ओळखल्या जाणाऱ्या टिळकनगर इंडस्ट्रीजने जुलै २०२५ मध्ये पेर्नो रिकार या फ्रेंच कंपनीचा ‘इम्पीरियल ब्लू’ हा व्हिस्कीचा व्यवसाय सुमारे ४,१५० कोटी रुपयांना घेण्याचा करार जाहीर केला. वर्षाला दोन कोटींहून अधिक पेट्या खपणारी ही अल्प किमतीची व्हिस्की. फ्रेंच कंपनीला मात्र महागड्या बाटल्यांवर लक्ष केंद्रित करायचे होते. श्रीरामपूरच्या मातीतून वाढलेल्या कंपनीने खपावर भिस्त ठेवली, तर परदेशी कंपनीने प्रत्येक बाटलीमागच्या नफ्यावर. महाग बाटलीत सर्वाधिक गोडवा असतो तो विक्रेत्यासाठी, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

जीभ काय सांगते?

किमतीचा परिणाम जिभेवर होतो, हे प्रयोगांनी दाखवले आहे. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांना एकच वाइन दोन वेगवेगळ्या किमती सांगून देण्यात आली. जास्त किंमत सांगितल्यावर त्यांना ती अधिक आवडली. एवढेच नव्हे, तर मेंदूच्या प्रतिमांत सुखाच्या अनुभवाशी निगडित भागाची सक्रियताही वाढलेली आढळली. म्हणजे ‘महाग म्हणून छान’ हे केवळ मिरवणे नसते, तो अनुभव खराच असतो. फक्त तो पेल्यातून आलेला नसतो, किमतीच्या चिठ्ठीतून आलेला असतो. त्याच वर्षी सहा हजारांहून अधिक आंधळ्या चाचण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. किंमत ठाऊक नसताना सामान्य ग्राहकांना महाग वाइन स्वस्त वाइनपेक्षा किंचित कमीच आवडली. प्रशिक्षित चाखणाऱ्यांच्या बाबतीत मात्र चित्र वेगळे होते. हे अभ्यास वाइनचे असले, तरी त्यांतून मिळणारा धडा व्हिस्कीलाही लागू पडतो.

घरी पारख करण्याची सोपी पद्धत ‘त्रिकोणी चाचणी’ म्हणून ओळखली जाते. तीन सारखे पेले घ्यावेत. दोहोंत एक पेय, तिसऱ्यात दुसरे. कोणत्या पेल्यात काय आहे, हे चाखणाऱ्याला ठाऊक नसावे. वेगळा पेला ओळखता येतो का, ते पाहावे. केवळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक असते. त्यामुळे एकदा ओळखले म्हणजे जीभ पारखी ठरत नाही. वेगवेगळ्या दिवशी, अगदी अल्प घोटांनी, पाण्यासह चाखून वारंवार ओळखता आले, तरच तो फरक त्या व्यक्तीपुरता खरा. सोडा किंवा कोला मिसळून पिणाऱ्याने तर महाग बाटलीचा विचारच सोडावा. पिंपाने वर्षानुवर्षे कमावलेले सूक्ष्म गंध साखरेच्या पाण्यात पहिल्याच घोटाला बुडतात.

महाग बाटलीतला धोका

एक समज मात्र घातक आहे. तो म्हणजे महाग लेबल म्हणजे सुरक्षितता. बनावट मद्याचा धंदा करणाऱ्यांना उंची ब्रँडची रिकामी बाटली हवीच असते. तिच्यात हलके मद्य भरून झाकण बसवले, की नफा कित्येक पट होतो. येथे ग्राहकाचा खिसा कापला जातो. त्याहून भयंकर प्रकार मिथेनॉलचा. जिल्ह्यातील पांगरमल येथे फेब्रुवारी २०१७ मध्ये, निवडणुकीच्या धामधुमीत, बनावट दारूने अनेकांचे प्राण घेतले. मुंबईतील मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरहून अधिक बळी गेले. मिथेनॉल वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही. दहा मिलिलिटरदेखील दृष्टी हिरावून घेऊ शकते. लक्षणे अनेकदा काही तासांनी दिसतात. दृष्टी धूसर होणे, पोटात तीव्र वेदना, धाप लागणे, असे काही आढळल्यास घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालय गाठावे.

म्हणून बाटली कोणत्याही किमतीची असो, ती परवानाधारक दुकानातून, पावतीसह घ्यावी. झाकणाचे सील, लेबल आणि बॅच क्रमांक पाहावा. बाजारभावापेक्षा फार स्वस्तात मिळणारी ‘मिलिटरीची’ किंवा ‘विमानतळावरची’ बाटली दारात आली, तर ती नाकारावी. रिकामी झालेली उंची बाटली भंगारात देताना लेबल फाडून, झाकण निकामी करून द्यावी. महाराष्ट्रात तीव्र मद्यासाठी किमान वय २५ वर्षे असून मद्यसेवनाचा परवाना आवश्यक आहे, हेही लक्षात ठेवलेले बरे.

निष्कर्ष कोणता?

सारांश तीन पायऱ्यांत मांडता येईल. तटस्थ मद्यार्काच्या पेयाकडून पिंपात मुरलेल्या, धान्याच्या व्हिस्कीकडे जाण्याचे पैसे चवीच्या दृष्टीने बहुधा सत्कारणी लागतात. साध्या मुरलेल्या बाटलीकडून मध्यम किमतीच्या बाटलीकडे जाणे ज्याच्या त्याच्या जिभेवर अवलंबून आहे. त्यापुढील पायरीवर मात्र दुर्मीळता, कर आणि कीर्ती यांचेच मोल चुकवावे लागते. संग्राहकाला त्यात आनंद असेल, तर तो त्याचा प्रश्न. पण त्याला चवीचे नाव देऊ नये.

आणि एका बाबतीत तिन्ही पायऱ्या समान आहेत. ४२.८ टक्के तीव्रतेच्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ३२१ मिलिलिटर अल्कोहोल असते, मग ती आठशेची असो वा आठ हजारांची. साठ मिलिलिटरच्या एका पेगमधून सुमारे वीस ग्रॅम अल्कोहोल शरीरात जाते. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. यकृताला लेबल वाचता येत नाही.

मळीचा दर्प जसा या जिल्ह्याचा, तसेच पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीही याच जिल्ह्याचे. अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने दारूच्या भट्ट्या बंद करून त्या गावाने आपला कायापालट घडवला. राज्यातील अनेक गावांत आणि वॉर्डांत महिलांनी ‘आडव्या बाटली’ला मत देऊन दुकानांना कुलूप लावले आहे. त्यांच्या लेखी बाटलीची किंमत चवीत किंवा वयात मोजली जात नाही. घरखर्चातून किती गेले आणि घरातल्या माणसाचे काय झाले, यावरच ती ठरते. महाग बाटली पैशांना परवडते का, हा प्रश्न विचारणाऱ्याने हा दुसरा हिशेबही एकदा मांडून पाहावा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यानंतर बहुधा आपोआपच मिळेल.